नुकसान कुणाचे, मोजमाप कुणाचे?

सोसायटीतला एखादा सभासद वारला, त्याने नामनिर्देशन करून ठेवलेले नसले आणि घर मुलाच्या नावावर करायचे असले, की सेक्रेटरी कागदपत्रांची यादी हातात ठेवतो. मृत्यूचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, बाकीच्या वारसांची संमती, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, आणि यादीच्या शेवटी इंडेम्निटी बाँड. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे त्याचा मजकूर तयारच असतो, फक्त नाव-पत्ता बदलायचा. वारस दाखवलेल्या जागी सह्या करतो आणि घरी जातो. त्याने काय लिहून दिले असे विचारले तर दहातले नऊ जण 'सोसायटीची फॉर्मॅलिटी' असे सांगतील.

त्या कागदात असते ते असे. उद्या दुसरा कोणी वारस पुढे आला, त्याने सोसायटीवर दावा लावला आणि त्यापायी सोसायटीला पैसे मोजावे लागले, वकील करावा लागला, तर तो सगळा भार मी उचलीन. रकमेला सहसा मर्यादा नसते. मुदतही घातलेली नसते. बँकेची हरवलेली ठेवपावती, गहाळ झालेले शेअर, पुन्हा काढलेला एखादा दाखला, या सगळ्या ठिकाणी आपण हेच वचन देत असतो. सोप्या मराठीत सांगायचे तर, नुकसान झालेच तर ते तुमच्या अंगावर पडू देणार नाही, माझ्या अंगावर घेईन.

1872 च्या भारतीय करार कायद्यात 124 आणि 125 अशी दोनच कलमे या वचनासाठी आहेत. 124 वे व्याख्या सांगते: वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा आणखी कुणाच्या वागण्यामुळे होणाऱ्या नुकसानीपासून दुसऱ्याला वाचवण्याचा करार. 'वागण्यामुळे' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. आग लागली, पूर आला, वीज पडली तर ते कुणाचे वागणे नव्हे. म्हणजे काटेकोर अर्थाने आगीचा विमासुद्धा या कलमात बसत नाही, त्याला त्याच कायद्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचा, घटनेवर अवलंबून असलेल्या करारांचा आधार घ्यावा लागतो. ही व्याख्या अपुरी आहे आणि ती रुंद करावी, असे विधी आयोगाने 1958 मध्ये आपल्या तेराव्या अहवालात सुचवले होते. व्याख्या अजून तशीच आहे.

ही कल्पना इंग्रजी न्यायालयांत घडली ती गुराढोरांच्या लिलावातून. ॲडमसन नावाच्या लिलाववाल्याला जार्विस नावाच्या माणसाने जनावरे विकायला सांगितले. त्याने विकली. नंतर कळले की जनावरे जार्विसची नव्हतीच. खऱ्या मालकाने लिलाववाल्याला कोर्टात खेचून पैसे वसूल केले. मग ॲडमसनने जार्विसवर दावा केला. 1827 च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याच्या सांगण्यावरून विश्वासाने काम करणाऱ्याला त्यापायी तोशीस लागली, तर ती सांगणाऱ्याने भरून द्यावी, असे वचन त्या सांगण्यातच गृहीत असते. म्हणजे असे वचन उघड शब्दांत दिलेले असलेच पाहिजे असे नाही.

पण भरपाई मागायची केव्हा? पैसे खिशातून गेल्यावर, की जाणार हे ठरल्यावर? या प्रश्नावरचा भारतातला सर्वांत गाजलेला निकाल मुंबईचा आहे. परेलकर आणि मंत्री यांच्या या खटल्यात परेलकरांकडे मुंबई महापालिकेचा एक भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने होता. तो त्यांनी मंत्र्यांच्या विनंतीवरून त्यांना वापरू दिला, आणि मंत्र्यांनी तिथे इमारत बांधायला घेतली. बांधकामाचे सामान ज्याच्याकडून उधारीने आणले त्याचे पैसे थकले. कागदोपत्री जागा अजून परेलकरांच्या नावावर, म्हणून सामानवाल्याला तीच जागा तारण द्यायची वेळ आली. एकदा 5,000 रुपयांसाठी, पुढे आणखी 5,000 साठी. तारणखतावर सही परेलकरांची, पैसे लागलेले मंत्र्यांच्या इमारतीला. तुम्हाला यातून सोडवीन असा शब्द मंत्र्यांनी दिला आणि तो पाळला नाही. परेलकर न्यायालयात गेले. समोरून बचाव आला की त्यांनी सामानवाल्याला अजून एक पैसाही दिलेला नाही, मग नुकसान कसले आणि भरपाई कसली?

1942 चा हा निकाल न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा. जुन्या इंग्रजी कायद्याचा नियम खरोखरच तसा होता: आधी नुकसान सोसा, मग मागायला या. छागलांचे म्हणणे असे की ज्याच्याजवळ देणे फेडायला पैसेच नाहीत त्याला हा नियम निव्वळ निरुपयोगी आहे. आधी बुडायचे आणि मग वाचवा म्हणायचे, अशातली गत. करार कायद्याच्या या दोन कलमांत इंडेम्निटीचा सगळा कायदा सामावलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. देणे पक्के झाले असेल, टळण्याजोगे उरले नसेल, तर वचन देणाऱ्याने ते फेडावे असा आग्रह आधीच धरता येतो. विधी महाविद्यालयांत हा निकाल आजही शिकवतात तो याच कारणासाठी. मला त्यातले शहाणपण थोडे निराळ्या ठिकाणी दिसते. भरपाई उशिरा मिळाली तर ती पुरती भरपाई राहत नाही, हे त्यात ओळखले आहे. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात हा मुद्दा दुखतो.

जामीन राहणे आणि हे वचन, यांत लोक गल्लत करतात. जामीनदाराच्या कागदात तीन माणसे असतात आणि मूळ देणे कर्जदाराचे असते. त्याने बुडवले तर जामीनदाराची पाळी. इंडेम्निटीत दोघेच, आणि देणे पहिल्यापासून लिहून देणाऱ्याचे. म्हणून सोसायटीच्या त्या कागदावर सही करण्याआधी वारसांनी एकदा तरी आपसांत बसून बोलावे. चुलत्याचा किंवा सावत्र भावाचा दावा खरोखर उभा राहिला, तर कोर्टाचा आणि वकिलाचा खर्चही सही करणाऱ्याच्या डोक्यावर येतो. 125 व्या कलमात तो खर्च आणि तडजोडीत दिलेली वाजवी रक्कम, दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहे.

इथवर झाले ते नुकसान कुणी सोसायचे याबद्दल. ते किती, हे कसे ठरवायचे ही खरी अवघड गोष्ट. तत्त्व ऐकायला सरळ आहे: नुकसान झाले नसते तर माणूस जिथे असता तिथे त्याला पैशाने नेऊन बसवायचे, त्याच्या पुढे नाही आणि मागेही नाही. प्रत्यक्षात मात्र एका तोट्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे होत जाते, आणि कुठेतरी थांबावेच लागते.

हे थांबायचे कुठे याचा नियम एका पिठाच्या गिरणीने घालून दिला. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या गिरणीतल्या इंजिनाचा दांडा मोडला. नवा दांडा घडवण्यासाठी मोडका नमुना म्हणून ग्रिनिचला धाडायचा होता. वाहतूकवाल्याने हयगय केली आणि दांडा कित्येक दिवस उशिरा पोचला. तेवढे दिवस गिरणी बंद. मालकाने बुडालेला नफा मागितला. 1854 च्या निकालात न्यायालयाने तो नाकारला. गिरणीत दुसरा दांडा नाही, हा पोचेपर्यंत सगळे काम ठप्प आहे, ही परिस्थिती वाहतूकवाल्याला करारावेळी कळलेली नव्हती, असे न्यायालयाने धरले. जे नुकसान अशा करारभंगातून सहज ओढवते ते भरून मागता येते. त्यापलीकडचे मागायचे असेल तर करार करताना दोघांनाही त्याची कल्पना असली पाहिजे.

आपल्या करार कायद्याचे 73 वे कलम याच नियमावर उभे आहे. त्याखालच्या उदाहरणांत तर गिरणीच अवतरते. गिरणीचे यंत्र वाहतूकवाल्याकडे दिले, त्याला सांगितले की याच्यावाचून गिरणी बंद आहे. त्याने वाजवीपेक्षा उशीर केला आणि मालकाचे एक फायदेशीर सरकारी कंत्राट हातचे गेले. मालकाला गिरणी बंद राहिली त्या काळातला सरासरी नफा मिळेल. कंत्राटाचे पैसे मिळणार नाहीत, कारण त्याबद्दल वाहतूकवाल्याला कुणी सांगितलेच नव्हते. व्यवहारात याचा अर्थ असा की काम सोपवताना आपली नड तोंडाने नव्हे तर कागदावर सांगावी. लग्नाच्या तारखेसाठी हवी असलेली पैठणी असो किंवा परदेशी प्रदर्शनासाठी धाडलेले नमुने, 'अमुक तारखेला न पोचल्यास उपयोग नाही' ही ओळ बुकिंगच्या वेळी ईमेलने गेलेली असली तर पुढच्या भांडणाचे स्वरूपच बदलते. त्याच कलमाचे स्पष्टीकरण मागणाऱ्यालाही एक काम देते: नुकसान आटोक्यात ठेवण्याची साधने तुमच्या हाती होती का, आणि ती वापरली का, हेही पाहिले जाते. माल आला नाही म्हणून महिनाभर हात बांधून बसलेल्याला महिनाभराचे पैसे मिळत नाहीत.

मोजमापाची कटकट नको म्हणून कधी कधी आकडा आधीच ठरवून टाकतात. बँकेचा लॉकर हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसते, तेव्हा आत किती तोळे होते हे नंतर ठरवायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एका लॉकरधारकाच्या प्रकरणात बँकांना खडसावल्यावर रिझर्व्ह बँकेने नियम बदलले. 1 जानेवारी 2022 पासून आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळे लॉकरमधले काही गेले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भाडे 3,000 असेल तर 3 लाख. आत आजीचे 2 तोळे असोत की 50, आकडा बदलत नाही. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत तर बँकेची हलगर्जी असल्याशिवाय काहीच नाही. सोय म्हणून हा नियम चांगला आहे, पण याला नुकसानीचे मोजमाप म्हणू नये. लॉकरमध्ये ठेवलेले ते सुरक्षित, अशा समजुतीत असलेल्यांनी आपल्या भाड्याला शंभराने गुणून पाहावे.

आता विमा. मालमत्तेच्या विम्याचा पाया हाच आहे की त्यातून कुणाला नफा होता कामा नये. लिव्हरपूलमधल्या एका घराची 1883 ची गोष्ट विम्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. घर 3,100 पौंडांना विकायचा करार झाला, खरेदीखत व्हायच्या आत आग लागली. मालकाने विमा कंपनीकडून 330 पौंड घेतले. पुढे खरेदीदाराने करार पाळून पूर्ण किंमत चुकती केली. म्हणजे मालकाला 3,100 च्या घराचे 3,430 मिळाले. कंपनीने 330 परत मागितले आणि न्यायालयाने ते द्यायला लावले. आग लागूनही मालकाचे शेवटी काहीच गेले नव्हते, मग भरून काय काढायचे?

हेच तत्त्व आपल्याला खुपते ते गाडी ठोकली जाते तेव्हा. बंपर मोडला, नवा बसवला, बिल 12,000 झाले आणि कंपनीने प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच दिले. लोक याला लुबाडणूक म्हणतात. कंपनीचे गणित असे की तुमचा जुना बंपर गेला आणि नवा आला, तो फरक तुमच्याकडून घ्यायचा. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर सरसकट 50 टक्के घसारा, काचेवर शून्य, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. हा तक्ता पॉलिसीत छापलेला असतो. गाडी चोरीला गेली तर शोरूमच्या किमतीवर वयाप्रमाणे घसारा लावून निघालेली रक्कम मिळते. तीन वर्षे उलटून चौथे चालू असेल तर घसारा 40 टक्के. जादा हप्ता भरून 'झीरो डेप' घेतले की सुट्या भागांवरची कपात टळते. तो तत्त्वाला पैसे देऊन घातलेला वळसा आहे, आणि नवी गाडी असेल तर घालण्यासारखा आहे.

घराच्या आणि दुकानाच्या विम्यात आणखी एक खाच असते. 50 लाखांच्या दुकानाचा विमा हप्ता वाचवायला 25 लाखांचा काढला, आणि आगीत 10 लाखांचे जळाले. मालकाला वाटते की 25 च्या आत आहे, पूर्ण मिळेल. मिळतात 5. तुम्ही निम्माच विमा काढला, उरलेल्या निम्म्याची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असा हा हिशेब. एप्रिल 2021 पासून राहत्या घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागते, आणि तिच्यात ही कपात माफ आहे. हे किती घरमालकांना ठाऊक आहे कोण जाणे. मराठी माणूस गाडीचा विमा कायद्याच्या धाकाने काढतो आणि आयुष्याची कमाई ओतलेल्या घराचा बहुधा काढतच नाही.

आयुर्विम्याला हे काहीच लागू नाही. जिवाचे नुकसान मोजायला माप नाही, म्हणून ठरलेला आकडा द्यायचा. एकाच माणसाच्या तीन पॉलिसी असल्या तर तिन्हींचे पैसे मिळतात. मेडिक्लेमचे मात्र तसे नाही. दोन पॉलिसी असल्या तरी एकाच बिलाचे पैसे दोनदा मिळत नाहीत, कारण तिथे भरून निघायचे आहे ते बिल.

महाराष्ट्रात नुकसानभरपाई म्हटले की ज्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो तो अजून या लेखात आलेला नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत वरचे तत्त्व नाव तेच ठेवून जवळजवळ सोडून दिलेले आहे, आणि ते का सोडावे लागले याला एक इतिहास आहे.

पाऊसच मोजावा, प्रत्येकाचे शेत मोजत बसू नये, अशी कल्पना म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्ये पुस्तक लिहून मांडली होती. तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. 1972-73 मध्ये गुजरातेत एच-4 कापसासाठी शेतकऱ्या-शेतकऱ्याच्या नुकसानीप्रमाणे विमा देऊन पाहिला आणि तो परवडेना. लाखो तुकड्यांत विभागलेल्या जमिनींवर सर्व्हेअर पाठवायचा खर्च हप्त्याहून जास्त, आणि नुकसान पावसाने झाले की दुर्लक्षाने हे ठरवणे त्याहून कठीण. तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी 1976 मध्ये वाट सुचवली: एका सारख्या हवामानाच्या टापूतले सरासरी उत्पादन मोजा, ते घसरले तर त्या टापूतल्या सगळ्यांना एकाच दराने द्या. 1979 चा प्रायोगिक विमा याच धर्तीवर आला. 1985 ची सर्वंकष योजना, 1999 ची राष्ट्रीय योजना आणि 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा कणा तोच.

हिशेबाला सोपे आकडे घेऊन पाहू. एखाद्या महसूल मंडळात मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांचे सोयाबीनचे सरासरी उत्पादन हेक्टरी 1,500 किलो आहे. जोखीमस्तर 70 टक्के धरला की उंबरठा उत्पादन 1,050 किलो. या वर्षी पीक कापणी प्रयोगांतून मंडळाची सरासरी आली 900. तूट 150 किलो, म्हणजे उंबरठ्याच्या सातवा भाग. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 56,000 असेल तर प्रत्येकाला 8,000. नदीकाठच्या ज्याची माती पिकासकट वाहून गेली त्याला 8,000, आणि माळावरच्या ज्याचे पीक चांगले साधले त्यालाही 8,000. सरासरी 1,100 आली असती तर दोघांनाही शून्य. पहिले 30 टक्के नुकसान तर कुणाचेच मोजलेले नाही.

दांडेकरांचा तर्क चुकीचा नव्हता, आणि दुसरा व्यवहार्य मार्ग त्या काळी नव्हताच. चूक झाली ती पुढे, ही योजना शेतकऱ्याला 'तुमचे नुकसान झाले तर भरपाई' अशी विकण्यात. तुमच्या मंडळाचे नुकसान झाले तर, असे म्हणायला हवे होते. मंडळ जेवढे मोठे आणि एकाच मंडळात काळी, मुरमाड, नदीकाठची जमीन जेवढी मिसळलेली, तेवढी ही सरासरी प्रत्येकाच्या बांधापासून दूर जाते. गारपीट, शेतात पाणी तुंबणे अशा स्थानिक आपत्तीत 72 तासांच्या आत कळवल्यास एकट्याच्या शेताचा पंचनामा होण्याची तरतूद होती. 2025 च्या खरिपात राज्याने 2023 पासूनचा एक रुपयातला विमा बंद करताना ही जादा संरक्षणेही वगळली आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवर आणली. हप्ता पुन्हा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना 5. एक रुपयाच्या काळात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला हे खरे, पण म्हणून बांधावरचा पंचनामाच काढून टाकणे हा त्यावरचा इलाज होता असे मला वाटत नाही.

आणि अतिवृष्टीनंतर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जी नुकसानभरपाई जाहीर होते, ती तर भरपाई नसतेच. ती मदत असते. आपत्ती निवारण निधीच्या 2022 ते 2026 साठीच्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये आहेत, तेही दोन हेक्टरांपर्यंत. सरकारी कागदात याचे नाव निविष्ठा अनुदान. पुन्हा पेरायला बियाणे-खत घेता यावे एवढाच त्याचा हेतू आहे. गेलेल्या पिकाची किंमत त्यात कुणी मोजलेलीच नाही. राज्य सरकार कधी त्यात भर घालते, कधी नाही. पण आकडा तोकडा का, असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक कुणीतरी सांगायला हवा. विमा हा त्याचा हक्क आहे, हप्ता भरून विकत घेतलेला. मदत ही सरकारच्या निकषांची बाब. दोन्ही एकाच शब्दाखाली गेली की कशासाठी भांडायचे तेच कळत नाही.

माणूसच गेला तर? रस्ता अपघातात कर्ता माणूस दगावल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जे गणित मांडले जाते ते थंड डोक्याने पाहवत नाही, पण समजून घेण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या दोन निकालांत त्याची रीत घालून दिली. समजा 32 वर्षांचा सुतार, महिना 20,000 मिळवणारा, घरी बायको, दोन मुले, आई. पुढे कमाई वाढली असती म्हणून स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतल्याला 40 टक्के जोडायचे: 28,000. तो स्वतःवर जे खर्च करीत असे ते वजा करायचे, चार अवलंबितांसाठी एक चतुर्थांश: उरले 21,000. वर्षाचे 2 लाख 52 हजार. 31 ते 35 या वयाला गुणक 16. आले 40 लाख 32 हजार. त्यावर अंत्यविधी, मालमत्तेचे नुकसान आणि सहवासाचे नुकसान यांच्या ठरावीक रकमा. सहवासाच्या नुकसानीला 2017 मध्ये 40,000 ठरले होते, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीसह.

या गणिताचे वैशिष्ट्य असे की त्यात न्यायाधीशाच्या लहरीला वाव कमी आहे. सारख्या घरांना सारखे मिळावे यासाठी तो तक्ता आहे, आणि त्याआधीची अंदाधुंदी पाहता तो उपकारकच म्हणायचा. दुखणे पहिल्या आकड्यात आहे. सुताराकडे पगाराची स्लिप नसते. 20,000 सिद्ध झाले नाहीत आणि किमान वेतनाच्या आसपास 10,000 धरले, तर सगळी रक्कम थेट निम्म्यावर येते. रोखीने जगणाऱ्याच्या मरणाची किंमत अशी कमी होते, कायद्याचा तसा हेतू नसताना. म्हणून बँक खात्यात येणारे पैसे, कामाच्या पावत्या, ठेकेदाराचे पत्र या गोष्टी जपून ठेवाव्यात, असे एवढ्या करड्या आवाजात सांगावे लागते.

घरातली बाई गेली तर तिची कमाई किती? जमशेदपूरला 3 मार्च 1989 रोजी पोलाद कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या समारंभात आग लागून अनेक स्त्रिया आणि मुले दगावली. त्या खटल्यात, लता वाधवा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये गृहिणीच्या कामाचे मोल महिना 3,000 रुपये धरले. 2021 च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने घरकामाला आर्थिक मोल आहे हे आणखी ठामपणे मांडले. आकडे अजूनही अंदाजपंचेच असतात, पण 'ती काही कमवत नव्हती' हा विमा कंपन्यांचा जुना युक्तिवाद आता टिकत नाही.

जखमींच्या बाबतीत 2011 च्या राजकुमार प्रकरणातले उदाहरण मला फार नेमके वाटते. डावा हात तुटला. ड्रायव्हरचा किंवा सुताराचा तुटला तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली. सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा तुटला तर नोकरी टिकेल आणि कमाई कदाचित काहीच जाणार नाही. डॉक्टरच्या दाखल्यावर अपंगत्व दोघांचे सारखेच असेल, कमाईचे नुकसान सारखे नाही. वेदना आणि हात गमावल्याचे दुःख यांचे पैसे वेगळे मोजायचे. आणि ठोकणारी गाडी सापडलीच नाही तर हे काहीच मोजले जात नाही: 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख, गंभीर जखमेला 50,000, एवढी ठरावीक रक्कम.

या सगळ्या प्रकारांत मापे वेगवेगळी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ती आधीच लिहून ठेवलेली असतात. तेव्हा पॉलिसीतले घसाऱ्याचे आणि अपवादांचे पान हप्ता भरण्याआधी वाचा. इंडेम्निटी बाँडवर रकमेची मर्यादा घालून मागा. समोरचा कदाचित नाही म्हणेल, पण मागायला हरकत नसते. आणि विम्याचा दावा कंपनीने नाकारला किंवा अन्यायाने कापला, तर फोनवर वाद घालत बसू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथे चालतात, कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही आणि वकीलही लागत नाही.